काऊबॉय हॅट, मानाचा फेटा आणि आप्पांचा अबोला

पत्र

ताई, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ४१. लहानपणापासून हॅटची हौस. गेल्या दिवाळीत ऑनलाइन दोन मागवल्या, एक तपकिरी काऊबॉय हॅट आणि एक राखाडी फेडोरा (वर खळगी पाडलेली शहरी हॅट). काऊबॉय बागेत घालतो, फेडोरा सांगलीला जाताना. गावात माझं नाव 'शेरीफ' (काऊबॉय सिनेमातला फौजदार) पडलंय. मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्याला गेलो की कुणीतरी विचारतंच, 'काय शेरीफ, घोडं कुठं बांधलंय?' तेवढं मी हसून घेतो. बायको म्हणते, हॅट घालणार असाल तर मी तुमच्याबरोबर बाजारात येणार नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. फेब्रुवारीत चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. मानाचे फेटे बांधायला घेतले तेव्हा मी म्हणालो, मला नको, माझी हॅट आहे. दिवसभर मंडपात हॅटच होती. तेव्हापासून आप्पा (माझे वडील, वय ७४, आयुष्यभर पांढरी टोपी) माझ्याशी कामापुरतंच बोलतात. परवा म्हणाले, 'डोकं झाकायचं तर माणसासारखं झाक.' ताई, एकविसाव्या शतकात कुणी डोक्यावर काय घालावं हे गावानं ठरवायचं का? हॅट घालून रोजचं जगणं जमतं, की मी उगाच जोकर झालोय?

ता. क. फेडोरावर माझ्या अकरावीतल्या मुलीचा डोळा आहे. मुलगा म्हणतो, ती पुरुषांची टोपी. काय करू?

उत्तर

शेरीफ, जोकर झालेला नाहीत. लग्नात मात्र चुकलात, आणि ती चूक हॅटची नव्हती. म्हणून आधी लग्नाचं बोलू. हॅटचं कापड, तिचा काठ, द्राक्षाचा मांडव हे सगळं नंतर.

मानाचा फेटा हे नुसतं डोकं झाकायचं साधन असतं तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. डोकं आधीच झाकलंय, दुसऱ्या कुणाला बांधा. पण मंडपात फेटे निघतात तेव्हा काय चालू असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मामाकडचे किती, पाव्हण्यांकडचे किती, कुणाला आधी आणि कुणाला नंतर, यावर आदल्या रात्री घरात खलबतं झालेली असतात. एखादं नाव राहिलं तर पुढची कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागतं. मुलीचा बाप त्या दिवशी दहा ठिकाणी धावत असतो, तरी 'चुलत्याला फेटा बांधला का?' हे विचारायला तो विसरत नाही. तुम्ही नवरीचे चुलते. तुमच्या नावाचा फेटा बाजूला काढून ठेवलेला होता आणि तुम्ही चारचौघांत त्याला 'नको' म्हणालात. वाढलेल्या ताटावरून उठून जावं तसं ते लागलं असणार. त्यात आप्पांची पंचाईत अशी की पोरगं त्यांचं. भावकीला तोंड त्यांनीच द्यायचं.

गंमत म्हणजे ज्या हॅटच्या जिवावर तुम्ही फेटा नाकारलात, त्या हॅटचीही रीत तुम्ही पाळली नाही. आपल्याकडे डोकं झाकणं म्हणजे आदब. देवापुढं, कीर्तनात, वडीलधाऱ्यांसमोर टोपी डोक्यावरच राहते. आप्पांच्या वडलांच्या काळात एखादा गडी बोडक्या डोक्यानं वेशीबाहेर पडलेला दिसला, तर याच्या घरात काही झालंय का, अशी शंका यायची. युरोप-अमेरिकेत नेमकं उलटं. तिथं पुरुषानं डोकं उघडं करणं म्हणजे आदब. घरात शिरताना हॅट उतरवायची, जेवायला बसताना उतरवायची, चर्चमध्ये, राष्ट्रगीताला, अंत्ययात्रा समोरून जात असेल तेव्हा उतरवून हातात धरायची. ओळखीची बाई भेटली तर निदान काठाला बोट लावायचं. गुरांमागं फिरणारा काऊबॉयसुद्धा यातून सुटलेला नाही. म्हणजे टेक्सासमधल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तुमच्या लग्नातला फोटो दाखवला, अंतरपाट धरलाय, अक्षता पडतायत आणि चुलत्याच्या डोक्यावर हॅट, तर त्यानंही आप्पांसारखंच तोंड केलं असतं. हॅट तुम्ही तिकडची घेतलीत आणि घातलीत मात्र टोपीसारखी. दोन्हीकडून चूक.

यावर माझं म्हणणं एवढंच: जे डोक्यावर असेल त्याची रीत पाळा. टोपी-फेटा असेल तर डोक्यावर राहू दे. हॅट असेल तर उंबऱ्याशी उतरवा. सोप्यात शिरताना, आप्पांशी बोलताना, पंगतीला, सोसायटीच्या मीटिंगला, बँकेत, दवाखान्यात, मयताला ती हातात असली पाहिजे. तासगावच्या गणपतीला जाल तेव्हा हॅट गाडीत आणि खिशात टोपी. रथोत्सवाला तर नेऊच नका. तिथली गर्दी हॅट डोक्यावर ठेवणार नाही आणि गुलाल एकदा फेल्टमध्ये बसला की निघणार नाही. हे पंधरा दिवस करून बघा, आप्पांना फरक दिसेल. समोर आलं की पोरगं डोक्यावरचं काढतं, हे कुठल्याही बापाला कळतं. त्यासाठी त्यांना अमेरिकेतली रीत माहीत असायची गरज नाही.

पण त्याआधी भावाकडे जाऊन या. 'फेट्याला नको म्हणालो ते चुकलं,' एवढं एकच वाक्य बोला आणि त्याला 'पण' जोडू नका. 'पण माझी हॅट', 'पण मला वाटलं', काही नाही. चहा घ्या, जावईबापूंची विचारपूस करा आणि उठा. आप्पांना वेगळं सांगायला जाऊ नका. तुम्ही घरी पोचायच्या आत ते त्यांच्या कानावर गेलेलं असेल. पुढच्या कार्याला मात्र हॅट घरी ठेवायची आणि आप्पांपुढं जाऊन बसायचं, 'तुम्हीच बांधा' म्हणून. आप्पांच्या वयाच्या माणसांना पटका बांधता येतो. हल्ली भाड्यानं येणारी फेटेवाली पोरं बांधतात त्याहून चांगला.

आता गावानं ठरवायचं का, हा तुमचा प्रश्न. नाही. गावानं ठरवायचं नाही, आणि गावानं ते कधी फार काळ ठरवलेलंही नाही. आप्पांची पांढरी टोपीच बघा. १९२० च्या असहकाराच्या धामधुमीत ती घराघरांत शिरली. ज्यांच्या नावानं ती ओळखली जाते त्या गांधीजींनी स्वतः ती थोडीच वर्षं वापरली. त्याआधी तुमच्या घरातल्या पुरुषांच्या डोक्यावर पागोटं नाहीतर मुंडासं असणार, आणि ते सोडून पहिला पोरगा पांढरी टोपी घालून घरी आला तेव्हा कुठल्यातरी म्हाताऱ्यानं नाक मुरडलं असणारच. मग त्याच टोपीला वजन आलं. आपल्या भागात, जिथं १९४२ नंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तिथं त्या टोपीपायी लोकांनी काठ्या खाल्ल्या. आप्पांचे वडील त्याच पिढीचे. म्हणून 'माणसासारखं झाक' हे वाक्य तुम्हाला टोचलं तरी त्यामागं काय आहे तेही ऐका.

हॅटकडे आपली माणसं संशयानं बघतात ते काही आजचं नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) या सगळ्यांना मिळून टोपीकर म्हटलंय. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा परका माणूस डोक्यावरून ओळखला जायचा. आणि तरीही आपल्याच माणसांनी हॅट घातली, चांगली ताठ मानेनं घातली. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला ज्यांचं नाव दाखल झालं, त्या बाबासाहेबांचे सूट आणि हॅटमधले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. काय नेसावं, कसं नेसावं हे ज्या समाजाला दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं होतं, त्यातून आलेल्या माणसाच्या डोक्यावरची हॅट नुसती हौस नव्हती. भगतसिंग डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरमधून साहेबी वेशात निसटले, सोबत आपले राजगुरू नोकराच्या वेशात. पुढं १९२९ साली दिल्लीत काढलेला भगतसिंगांचा हॅटमधला फोटो आज ट्रकच्या पाठीवर आणि तरुण मंडळांच्या बोर्डावर असतो. त्याला कुणी घोडं विचारत नाही.

तुमची हॅट मात्र हौसेची आहे. हौस वाईट नाही. फक्त तिच्यासाठी एकविसाव्या शतकाला साक्षीला बोलवू नका. 'मला आवडते' एवढं कारण पुरेसं आहे, आणि भांडणात ते टिकतंही चांगलं.

बरं, हॅट. इथं मला तुमच्याशी जरा भांडायचंय.

काऊबॉय हॅट ज्या रूपात आपल्याला माहीत आहे, ती फिलाडेल्फियातल्या जॉन स्टेटसन नावाच्या टोपीवाल्यानं १८६५ च्या सुमारास बाजारात आणली. उंच डोकं, रुंद सपाट काठ, बीव्हर नावाच्या प्राण्याच्या किंवा सशाच्या केसांचं दाबून घट्ट केलेलं फेल्ट. मेक्सिकोतले गुराखी त्याच्याही आधीपासून रुंद काठाच्या टोप्या घालत होते. उघडं माळरान, डोक्यावर ना झाड ना तार, दिवसभर घोड्यावर, हे त्या हॅटचं जग. तुमच्याकडे काय आहे? मांडव. तारा, ओलांडे, काड्या, घड, आणि खाली मान घालून चालणारी माणसं. त्यात ही उंच हॅट घालून शिरलात की दर चार पावलांना काहीतरी अडणार. हॅट पडली तर उचलता येते. पण मण्यात पाणी उतरायच्या वेळेला घडाला काठ घासत गेला तर मण्यावर डाग पडतो, आणि व्यापारी नेमका तोच घड उचलून दाखवतो. मांडवाखाली हॅट नको. तिथं तुमच्या मजुरांकडे बघा, टॉवेल गुंडाळलेलाच चालतो, आणि तो बरोबरच चालतो.

ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत या हॅटचं काम बांधावर आणि रस्त्यावर. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मांडव उघडा पडतो, सावली म्हणून राहत नाही आणि पारा चाळिशीला टेकतो. ट्रॅक्टरवर, शेडबाहेर बेदाण्याची पेटी भरून गाडीची वाट बघताना, विहिरीवर मोटार बिघडली म्हणून उभं राहताना, तिथं रुंद काठ खरा उपयोगी. कॅप कपाळ झाकते पण कान आणि मान भाजू देते. आप्पांच्या टोपीला तर काठच नाही, म्हणून तर तिच्यावर उपरणं येतं. ऑस्ट्रेलियात उन्हानं होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचा प्रश्न मोठा आहे. तिथं मोठ्या माणसांना निदान ७.५ सेंटिमीटर काठाची हॅट घालायला सांगतात. तुमची काऊबॉय हॅट त्यात आरामात बसते, फेडोरा बसत नाही. टेप लावून बघा.

पण कशाची आहे तुमची हॅट? ऑनलाइन स्वस्तात मिळणारं तपकिरी फेल्ट बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीचं असतं. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर लोकर! घामानं आतली पट्टी भिजते, कडेनं मिठाचे पांढरे डाग येतात, आणि पहिल्या वळवात भिजली की काठ लोळायला लागतो. अमेरिकेतले शेतकरीसुद्धा उन्हाळा लागला की फेल्ट ठेवून देतात आणि गवताची नाहीतर ताडाच्या पानाची विणलेली हॅट काढतात. खुद्द गोऱ्या साहेबालाही आपल्या उन्हात फेल्ट झेपलं नाही. त्यानं बंगालच्या दलदलीत वाढणाऱ्या शोल्याच्या हलक्या गाभ्याची टोपी करून घेतली. तुम्हीही एक विणलेली, जाळीतून वारा जाईल अशी घ्या. तपकिरी फेल्ट डिसेंबर-जानेवारीला ठेवा. पहाटे बागेत धुकं असतं तेव्हा ती शोभेलही आणि कान थोडे उबदारही ठेवेल.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. फवारणीला ही हॅट घालायची नाही, फेल्टची नाही आणि गवताचीही नाही. हॅटच्या आत कपाळाला टेकणारी चामड्याची नाहीतर कापडाची पट्टी औषध शोषून घेते आणि ती धुता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी नुसतं फिरायला घातली तरी घामाबरोबर तेच औषध कपाळाला लागतं, आणि कपाळाची कातडी हातापेक्षा जास्त शोषते. फवारणीला औषध आत न झिरपणारं, धुता येणारं डोकं झाकण वापरायचं, मास्क-चष्म्यासकट. हौस जिवापेक्षा मोठी नाही.

मोटारसायकलवर हेल्मेट. यात चर्चा नाही. तासगाव-सांगली रस्त्यावर हॅट उडाली म्हणून मागं वळून बघणारा माणूस मला पेपरात वाचायचा नाही. गाडीनं जात असाल तर हॅट बाजूच्या सीटवर उताणी ठेवायची, म्हणजे डोकं खाली आणि काठ वर. काठावर टेकवून ठेवली की काठाचा आकार जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको, पट्टी आक्रसते आणि हॅट घट्ट होते. उचलताना पुढून चिमटीत धरून उचलू नका, सिनेमात तसं दिसत असलं तरी. तिथंच फेल्ट आधी फाटतं. भिजली तर पट्टी बाहेर काढून सावलीत वाळवा, चुलीजवळ नाही. पावसाळ्यात कपाटात डांबरगोळ्या ठेवा; लोकरीच्या फेल्टला कसर लागते आणि ती गणपतीत कळते.

फेडोराचं प्रकरण वेगळं आहे. ती शहराची हॅट. इटलीत बोर्सालिनोचा कारखाना १८५७ पासून असल्या हॅटा करत आला. ती अंगावर कोट असलेल्या माणसासाठी आहे, आणि कोट घालून मार्चमध्ये सांगलीच्या मारुती रोडवर फिरणं म्हणजे स्वतःच्या हातानं ऊन ओढवून घेणं. म्हणून टी-शर्ट आणि फेडोरा असा मेळ लोक घालतात, आणि तिथंच घोटाळा होतो. तुम्हाला वाटत असेल, तासगावातच हसतात. युरोप-अमेरिकेतही टी-शर्टवर फेडोरा घालणाऱ्या पोरांची भरपूर टिंगल झाली. १९६० नंतर तिकडच्या रोजच्या वापरातूनही ती गेली. त्यामुळे आता ती घातलेल्या माणसाकडे तिथंही लोक एकदा वळून बघतातच. तुमच्यावर शोभेल ती पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, साधी पँट आणि विणलेली फिकट पनामा. नाव पनामा असलं तरी ती इक्वेडोरची. तिथं ती तोकिया नावाच्या झाडाच्या पानांच्या धाग्यांनी हातानं विणतात, आणि त्या कलेला युनेस्कोनं २०१२ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. खरी पनामा महाग पडते. साधी गवताची घ्या. पीस खोचू नका, एका भुवईवर वाकडी ठेवू नका. सरळ ठेवा.

'घोडं कुठं बांधलंय' विचारणाऱ्याला उत्तर तयार ठेवा. 'तुमच्याच दारात बांधलंय, चंदी टाका,' म्हणा आणि सौद्याला बसा. गावात टोपणनाव पडणं हा काही अपमान नाही. ज्याची दखल घ्यायची नाही त्याला गाव नाव ठेवत नाही. एक मात्र करा. आज काऊबॉय, उद्या फेडोरा, परवा बोडकं, असं नको. एका जागी एकच हॅट, रोज. दोन हंगामांत लोकांच्या नजरेला तिची सवय होईल आणि मग हॅट विसरलात त्या दिवशी विचारतील.

आता वहिनी. त्या बाजारात येत नाहीत म्हणता, पण त्यांना नेमकं काय नको आहे हे तुम्ही विचारलंय का? माझा अंदाज असा की त्यांना हॅट नको नाहीये, नजरा नको आहेत. गणपती पेठेत हॅट घातलेल्या माणसाकडे लोक एकदा बघतात आणि मग त्याच्या बायकोकडे दोनदा बघतात. तुम्ही हसून घेता. त्यांना हसून घेण्याची सोय नाही. तेव्हा बरोबर जायचं असेल तर तो निर्णय त्यांचा असू द्या. त्या म्हणाल्या घाला, तर घाला. आणि एक माझं निरीक्षण, राग मानू नका. पुरुषाच्या डोक्यावर काय असावं यावर तुमच्या घरात महिनोन्‌महिने अबोला चालतो. बाईच्या डोक्यावर पदर असावा का, यावर किती घरांत निदान एक संध्याकाळ बोलणं झालंय? कराडजवळचं टेंभू म्हटलं की हल्ली आपल्याला उपसा सिंचन योजनेचं पाणी आठवतं, पण त्याच टेंभूच्या आगरकरांनी बायकांनी जाकीट घालावं म्हणून लिहिलं आणि शिव्या खाल्ल्या. डोक्यावर काय घालावं हे माणसानं स्वतः ठरवावं असं तुमचं म्हणणं आहे ना? मग वहिनींनाही विचारून बघा, त्यांना काय घालावंसं वाटतं ते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. छाटणीला तुमच्याकडे येणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. हे सगळं उन्हापायी. या एप्रिलला स्वतःसाठी विणलेली हॅट मागवाल तेव्हा त्यांच्यासाठीही रुंद काठाच्या साध्या गवती टोप्या मागवा. पहिल्या दिवशी हसतील आणि टोप्या कोपऱ्यात पडून राहतील. दुपारी बारानंतर एकीनं घातली की बाकीच्या घालतील. मग गावात शेरीफ एकटा राहणार नाही.

राहता राहिली मुलगी. फेडोरा तिला देऊन टाका. मुलाला सांगा, १८८२ साली पॅरिसमध्ये व्हिक्टोरियां सार्दू या नाटककाराचं 'फेडोरा' नावाचं नाटक आलं. त्यात सारा बर्नहार्ट ही नटी त्या नावाच्या राजकन्येचं काम करायची. हॅटचं नाव तिथून आलं आणि ती आधी बायकांनी उचलली, पुरुषांनी नंतर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं मराठी नाटक उभं केलं त्या सांगली जिल्ह्यातल्या पोराला नाटकातली गोष्ट पटायला हरकत नाही. तिच्या डोक्याचं माप घ्या, टेप कानांच्या जरा वरून आणि कपाळाच्या मधून. तुमची हॅट तिला मोठी होणार. आतल्या पट्टीमागं वर्तमानपत्राची नीट घडी नाहीतर फोमची पातळ पट्टी घातली की बसेल. एसटीत खिडकीशी बसली तर हॅट मांडीवर. आणि तिकडं बायकांना घरातही हॅट डोक्यावर ठेवायची मुभा असली तरी वर्गात तिनं काढून ठेवावी. मागच्या बाकावरच्या पोरीला फळा दिसला पाहिजे.